गुडघ्याला कडक प्लास्टिकचं पॅड म्हणजे जास्त सेफ? तसं नाहीये
म्हैसमाळच्या बाजूला डोंगरावरून सायकल उतरवणारी आपली पोरं अजून हेच सांगतात की पॅड कडक प्लास्टिकचंच घ्या, मऊ म्हंजे नुसता स्पंज. चूक आहे हे. डी३ओ सारखं मटेरियल हाताला मऊ लागतं पण जोरात आदळलं की तेवढ्यापुरतं घट्ट होतं अन् दणका शोषून घेतं. कडक कवच टोकदार दगड आत घुसू देत नाही, खडकावरून घसरू देतं, आपल्या काळ्या पाषाणावर ते कामाचंच आहे, पण दणका शोषतो तो आतला थरच. म्हणून लेबल बघा राव, ईएन १६२१-१, म्हंजे मोटरसायकलवाल्यांच्या पॅडसाठीचं युरोपियन स्टँडर्ड. त्याच्या टेस्टमध्ये पॅडच्या पलीकडे पोचणारा सरासरी जोर लेव्हल १ ला ३५ किलोन्यूटनच्या आत लागतो, लेव्हल २ ला २० च्या आत.

आणि एन्ड्युरोत, म्हंजे डोंगरातल्या सायकल शर्यतीत, टाइम उताराचा धरत असले तरी चढ पायडल मारतच चढायचा असतो, मराठवाड्याच्या उन्हात जड पॅड लोक काढून बॅगेत टाकतात अन् उताराला तसेच सुटतात, बघून जीव तुटतो. दुकानात गुडघ्याचं पॅड घालून उठबस करून बघा, खाली सरकलं तर एक साइज लहान मागा.