सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते?

पक्षाघातानंतर सहा महिन्यांत जेवढं सुधारेल तेवढंच, असं घरच्यांना सर्रास सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. पहिल्या तीनेक महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, हे खरं. पुढे वेग मंदावतो, थांबतोच असं नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘एक्साइट’ चाचणीत झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ जण होते. ज्यांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे मोजा चढवून अधू हाताकडूनच सराव करून घेतला, त्यांचा हात इतरांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही फरक टिकला. (अर्थात, त्यांच्या मनगटात-बोटांत थोडी हालचाल उरलेली होती.)

या गैरसमजाचा फटका घरात बसतो. व्यायाम सुटतो, मायेपोटी सगळं आयतं हातात दिलं जातं. त्यापेक्षा शर्ट घालताना अधू हात आधी बाहीत सरकवून द्या, बाकीचं रुग्णाला करू द्या, कितीही वेळ लागो. काढताना उलट, चांगला हात आधी. उठवताना मात्र अधू हाताला धरून ओढू नका, खांदा दुखावतो. आणि हे सगळं एकट्या माणसाच्या गळ्यात मारू नका, पाळ्या लावा. त्यालाही झोप हवी असते.