कोळीवाड्याची सामाईक जागा किनारा नकाशात नोंदवण्यासाठी अर्ज

सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना २०१९ प्रमाणे किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या (सीझेडएमपी) गावपातळीवरच्या नकाशात मासेमारी गावं, मच्छीमारांच्या सामाईक जागा, जेटी, बर्फ कारखाने आणि मासळी वाळवायच्या जागा दाखवायच्या असतात. मच्छीमारांना पुढे लागणाऱ्या घरांचा आराखडाही राज्याने करायचा आहे. वाळवणीची जागा नकाशात नसेल, तर कागदोपत्री ती नुसती मोकळी जमीन ठरते आणि पुढचा प्रकल्प नेमका तिच्यावरच आखला जातो.

अर्ज कोणी करायचा? मसुदा नकाशा जाहीर झाला की हरकत किंवा सूचना कोणीही देऊ शकतं. तरी मच्छीमार सहकारी सोसायटीचा ठराव, आणि गाव ग्रामपंचायतीत असेल तर ग्रामसभेचाही, जोडाच. एकट्याच्या अर्जापेक्षा त्याचं वजन जास्त. जागा तुमच्या मालकीची असायची गरज नाही. सातबाऱ्यावर 'सरकार' असलं तरी वापर सामाईक आहे एवढं दाखवायचं. मात्र या नोंदीने मालकी हक्क मिळत नाही, हे गावात आधीच स्पष्ट सांगा.

कागदपत्रं. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, नोंदणीकृत नौकांची यादी, कुटुंबांची संख्या आणि फोटो. फोटोंच्या बाबतीत हमखास चूक होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा काढलेल्या फोटोत नुसतं गवत दिसतं. बोंबील टांगलेल्या बांबूच्या रांगा, पसरलेली जाळी, ओढून ठेवलेल्या होड्या दिसायला हव्यात, म्हणून कोरड्या हंगामातले, तारखेसह फोटो काढून ठेवा.

प्रत्येक जागेच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आणि गट क्रमांक लिहा. 'देवळामागची जागा' एवढ्यावर कोणी नकाशा बदलत नाही. नकाशाचं प्रमाणही बघा: मासळी वाळवायचं २० मीटरचं खळं १:४००० च्या नकाशात ५ मिलिमीटर दिसतं, १:२५,००० च्या नकाशात १ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. म्हणून गावपातळीचाच नकाशा मागा आणि त्यावर लाल पेनने खुणा करून जोडा.

कुठे द्यायचा? मसुदा नकाशाच्या नोटिशीतल्या पत्त्यावर, मुदतीच्या आत. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. जिल्हा किनारा समितीचे अध्यक्ष तेच असतात, आणि त्या समितीवर पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत. आपल्या भागातून कोण आहे ते विचारून घ्या. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. जिल्हास्तरीय जनसुनावणीत तोच क्रमांक सांगून मुद्दा मांडा आणि इतिवृत्तात आला का ते तपासा.

नकाशा आधीच मंजूर झाला असेल, तर महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे दुरुस्तीचा अर्ज करा. शंका असल्यास प्राधिकरण प्रकरण चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राकडे पाठवतं; तिथे उपग्रह चित्रं आणि प्रत्यक्ष पाहणीवरून पडताळणी होते. पाहणीच्या दिवशी जागा रिकामी ठेवू नका आणि गावनकाशा वाचता येणारा माणूस सोबत ठेवा.