घरगुती फिल्टर कॉफी (बेळगाव सीमाभाग)

भाजलेल्या कॉफीबियांची पूड धातूच्या दोन खणी फिल्टरमध्ये भरून तिच्यातून गरम पाणी झिरपू द्यायचे आणि खाली जमलेला दाट अर्क, म्हणजे डिकॉक्शन, उकळत्या दुधात मिसळून प्यायचा, ही दक्षिण भारतातली कॉफीची रूढ पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांत ती चहाच्या जोडीने, पण चहाच्या मागून चालते. सकाळचा पहिला कप चहाचाच. कॉफी दुपारची, सुट्टीच्या दिवसाची किंवा पाहुण्यांसाठीची.

मराठी घरांची स्वतःची कॉफी वेगळी आहे. दुधातच पूड आणि साखर घालून उकळायची, वर जायफळ किसायचे, गाळून द्यायची. ही उपवासाला आणि जागरणाला चालते आणि हल्ली तिच्यात बहुधा झटपट विरघळणारी पूड असते. फिल्टरच्या कॉफीची ओळख मात्र बहुतेकांना उडुपी हॉटेलात होते. दोघांत एक मागवायची तर ‘बाय टू’ म्हणायचे आणि अर्धे अर्धे दोन पेले येतात. तिचे श्रेय सरसकट कन्नड शेजाराला देणे बरोबर नाही. उत्तर कर्नाटकही मुख्यतः चहाबाजच आहे. ही कॉफी किनारपट्टीवरून आणि जुन्या म्हैसूर भागाकडून हॉटेलवाल्यांबरोबर वर आली.

भारतातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते, ती कोडगू, चिक्कमगळूरू आणि हासन या जिल्ह्यांत. ऊस, तंबाखू आणि भाताचा बेळगाव जिल्हा या कॉफीपट्ट्यात मोडत नाही. सूफी संत बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनमधल्या मोखाहून सात बिया आणून चिक्कमगळूरूजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगररांगेला आज त्यांचेच नाव आहे. कॉफीवरील संशोधनाची जुनी संस्था याच जिल्ह्यात बाळेहोन्नूर येथे असून तिची सुरुवात १९२५ ची आहे. २०१९ साली कूर्ग (कोडगू), चिक्कमगळूरू आणि बाबाबुदनगिरी येथील अरेबिका जातीच्या कॉफींना भौगोलिक मानांकन मिळाले.

बियांची निवड : व्यापारात दोनच जाती महत्त्वाच्या. अरेबिका सुवासिक, किंचित आंबटसर आणि महाग. रोबस्टा कडवट, अंगाने दाट आणि स्वस्त. कॅफीन अरेबिकात साधारण १.२ टक्के, तर रोबस्टात २ टक्क्यांच्या वर असते. दुकानातल्या पाट्यांवर मात्र ही नावे एकटी येत नाहीत. फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला ‘प्लांटेशन’ म्हणतात आणि तशाच रोबस्टाला ‘पार्चमेंट’. अख्खे फळच उन्हात वाळवून मग बी काढली तर ती ‘चेरी’, जात कोणतीही असो. धुतलेल्या बीची चव स्वच्छ, चेरीची जरा रांगडी. पुढची ‘ए’, ‘एए’ ही अक्षरे फक्त दाण्याचा आकार सांगतात. फळात दोनऐवजी एकच गोल दाणा भरला की ती ‘पीबेरी’. गोल असल्याने ती एकसारखी भाजली जाते हे खरे, पण तिच्यासाठी मोजावे लागणारे जादा पैसे दुधाच्या कॉफीत क्वचितच वसूल होतात. ‘मान्सून्ड मलबार’ ही बी पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात फुगवलेली असते. तिचा आंबटपणा जवळजवळ जातो.

सीमाभागात निवडीची सुरुवात बियांपासून नव्हे, दुधापासून करावी. इथे अनेक घरी म्हशीचे दूध येते. त्यात ६ ते ८ टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात सुमारे ४ आणि पिशवीतल्या टोन्ड दुधात ३. दुधातली प्रथिने कॉफीतल्या तुरट घटकांना बांधून घेतात आणि साय सुगंधावर पांघरूण घालते. हलकी भाजलेली, नाजूक, महागडी अरेबिका अशा दुधात घातली की उरते फक्त बदामी रंगाचे गोड दूध. म्हशीच्या दुधाला मध्यम ते गडद भाजणीची पूड घ्यावी, निम्मी प्लांटेशन आणि निम्मी धुतलेली रोबस्टा. गाईचे किंवा टोन्ड दूध असेल तर अरेबिकाचा वाटा तीन चतुर्थांशापर्यंत नेता येतो. बिनदुधाची पिणाऱ्याने रोबस्टाच्या नादी लागू नये.

चिकोरी हा वादाचा विषय. ती एका वनस्पतीची भाजलेली मुळी. गुजरातेत तिची लागवड होते. तिच्यात कॅफीन नसते. रंग, दाटपणा आणि कडसर गोडवा ती देते, शिवाय पाण्याचा वेग मंदावून अर्क घट्ट करते. म्हशीच्या दुधात १५–२० टक्के चिकोरी शोभते, त्यापुढे ती कॉफी गिळून टाकते. नियमानुसार मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. ते बारीक अक्षर आधी वाचावे; नामांकित पाकिटांतही चिकोरी ३० टक्के किंवा त्याहून जास्त निघते. सुट्या पुडीची परीक्षा सोपी आहे. ग्लासभर थंड पाण्यावर चिमूटभर पूड टाकली की कॉफी बराच वेळ तरंगते आणि चिकोरी रंगाची रेघ सोडत लगेच तळाशी जाते.

दळणे आणि साठवण : समोर दळून देणारे दुकान मिळाले तर ‘ऐंशी-वीस, फिल्टरसाठी’, म्हणजे ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी, एवढे सांगणे पुरते. पूड बारीक रव्याहून थोडी बारीक हवी, मैद्यासारखी नको. एका वेळी पंधरा दिवसांची घ्यावी. जून ते सप्टेंबर, विशेषतः खानापूरकडच्या पावसात, हवेतला ओलावा पुडीत शिरतो. चिकोरीची पूड तर आधी गोळा होते. घट्ट झाकणाचा लहान स्टीलचा डबा आणि कोरडा चमचा एवढे पथ्य पुरे. फ्रिजमधून सारखा आतबाहेर होणारा डबा वाईट, कारण प्रत्येक वेळी आत दव धरते. शिवाय शेजारच्या लसणीच्या चटणीचा वास कॉफी हौसेने घेते.

पाणी : अतिजड पाण्यात कॉफीचा आंबटपणा मारला जाऊन ती सपक लागते. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या काळ्या जमिनीतले बोअरचे पाणी बहुधा असेच असते. तिथे गाळणयंत्राचे पाणी वापरावे. तापमानाबाबत पाकिटांवरची सूचना अशी, की पाणी उकळल्यावर मिनिटभर थांबावे. ती सखल प्रदेशासाठी ठीक आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्याने पाणी साधारण ९७.५ अंश सेल्सियसलाच उकळते आणि थंड फिल्टरमध्ये पडताच आणखी उतरते. कॉफीला ९० ते ९६ अंश मानवतात. म्हणून इथे थांबू नये, उकळी फुटली की ओतावे.

कृती : तीन कपांसाठी २५ ग्रॅम, म्हणजे पोह्याचे साधारण चार शीगभर चमचे पूड वरच्या खणात घालावी. भांडे हलकेच आपटून पूड सपाट करावी आणि फिल्टरबरोबर मिळणारी दांड्याची चकती पुडीवर फक्त टेकवावी, दाबू नये. आधी दोन चमचे पाणी घालून पूड अर्धा मिनिट भिजू द्यावी, मग एकूण दीडशे मिलिलिटर होईल इतके पाणी गोलाकार ओतून झाकण लावावे. पूड स्वतःच्या दुप्पट वजनाचे पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली शंभर मिलिलिटरच अर्क जमतो. तो १५ ते २० मिनिटांत यावा. चार मिनिटांतच सगळे खाली आले तर दळण जाडे आहे. अजिबात थेंब पडत नसेल तर लगेच चकती हलवून चिखल करू नये. पुष्कळदा खालच्या भांड्यात हवा कोंडलेली असते आणि वरचा खण किंचित उचलला की धार सुरू होते.

अर्काला कधीही उकळी देऊ नये. गार झाला असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवावी. रात्री काढलेला अर्क सकाळी चालतो, त्यानंतर मात्र तो शिळा लागतो. पेल्यात साखर, तिच्यावर एक भाग अर्क आणि मग नुकतेच उकळलेले तीन भाग दूध, या क्रमाने घालून उंचावरून दोनदा ओतले की फेस येतो. दूध आटवू नये. हॉटेलात ते दिवसभर शेगडीवर राहून आटते आणि बऱ्याच जणांच्या जिभेला तीच चव लागलेली असते, पण घरी तसे केले तर कॉफीची बासुंदी होते. जायफळ चिकोरीच्या कॉफीत घालू नये. शुद्ध पुडीच्या कॉफीत चिमूटभर खपून जाते.

पितळी फिल्टर आतून कल्हई केलेला असावा. स्टीलच्या फिल्टरची भोके तेलकट थराने बुजतात; घासून मोकळी झाली नाहीत तर वरचा रिकामा खण चिमट्यात धरून त्याचा तळ मिनिटभर गॅसच्या ज्योतीवर फिरवतात आणि जळालेली काजळी ब्रशने काढतात. साबणाचा वास मागे राहतो म्हणून रोजच्या धुण्याला नुसते गरम पाणी वापरतात.