नाव एक, कोस्टर दोन: शिकागोचा लिटल डिपर आणि क्लीव्हलंडचा

अमेरिकेतल्या लहान मुलांच्या रोलर कोस्टरविषयी वाचायला घेतलं की ‘लिटल डिपर’ हे नाव पुन्हापुन्हा समोर येतं आणि हटकून गोंधळ होतो. त्यातले दोन तर जवळपास एकाच वयाचे: शिकागोजवळच्या मेलरोज पार्कमधल्या ‘किडीलँड’चा १९५० सालचा, आणि क्लीव्हलंडच्या उपनगरातल्या ‘मेम्फिस किडी पार्क’चा १९५२ सालचा.

किडीलँडचा लिटल डिपर लाकडी. फिलाडेल्फिया टोबॉगन कंपनीचे हर्बर्ट श्मेक यांनी तो आखला. उंची जेमतेम २८ फूट, रूळ सुमारे ७०० फूट. लाकडी म्हटलं तरी चाकं थेट लाकडावर धावत नाहीत. फळ्यांचे थर एकावर एक रचून वर पोलादी पट्टी बसवतात, गाडी पळते ती पट्टीवरून. पण खालचा सांगाडा भाराने किंचित दबतो, डुलतो. लाकडी कोस्टरची खरी गंमत या डुलण्यात आहे, म्हणून इतक्या बुटक्या कोस्टरवरही थोडी खडखड आणि थोडी धडधड अनुभवायला मिळते. त्यासाठी बोल्ट आवळत राहणं आणि फळ्या बदलत राहणं आलंच.

क्लीव्हलंडचा पोलादी. बनवणारी ॲलन हर्शेल कंपनी न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ टोनावांडाची, मेरी-गो-राउंडसाठी प्रसिद्ध. लिटल डिपर हे तिचं तयार मॉडेल, ते अनेक पार्कांनी विकत घेतलं. नावाचा घोळ मुख्यतः त्यामुळेच. पोलादी कोस्टरची सुरुवात डिस्नीलँडच्या मॅटरहॉर्नपासून झाली असं बरेच जण मानतात. मॅटरहॉर्न १९५९चा, आणि त्याने आणले ते पोकळ पोलादी नळ्यांचे रूळ. पोलादी कोस्टर त्याआधीपासून होते, त्याचा क्लीव्हलंडचा लिटल डिपर हा धडधडीत पुरावा.

किडीलँडचं पुढे वाईट झालं. जमीन मालक घराण्यातल्या एका शाखेकडे, पार्क दुसऱ्या शाखेकडे. भाडेकराराचा वाद मिटला नाही आणि २००९च्या सप्टेंबरमध्ये पार्क कायमचं बंद झालं. त्या जागी कॉस्टको उभं राहिलं. लिटल डिपर मात्र लिलावात ‘सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिका’ने घेतला, सुटा करून शिकागोजवळच्याच गर्नीला, त्या पार्कात, नेला आणि २०१०मध्ये पुन्हा सुरू केला. त्याच पार्कात १९८१चा ‘अमेरिकन ईगल’ हा अवाढव्य लाकडी कोस्टरही आहे. शिकागोच्या नातेवाइकांकडे मुलांना घेऊन जाणार असाल, तर त्यांना आधी लिटल डिपरवर बसवा.