आवड शिल्लक, ओढ हरवलेली

नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला सर्वाधिक वेळा दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘तुला आवडते ते कर, म्हणजे बरे वाटेल’ हा होय. देणाऱ्याच्या मनात कळकळ असते, परंतु ऐकणाऱ्यापाशी त्यावर एकच उत्तर असते : ‘काही करावेसेच वाटत नाही.’ पूर्वी तासन्‌तास चित्रे काढणारी व्यक्ती आता रंगांची पेटी उघडतही नाही, हे पाहून जवळची माणसे तिला आळशी ठरवतात आणि काही दिवसांनी तिलाही ते खरे वाटू लागते. हा गैरसमज मला अत्यंत क्लेशकारक वाटतो, कारण ज्या दुखण्याची फोड मेंदूविज्ञानाने बऱ्याच अंशी केली आहे, त्याचा दोष आपण अजूनही रुग्णाच्या स्वभावावर टाकत आहोत.

नैराश्य म्हणजे एखाद्या दिवसाची खिन्नता नव्हे. मन उदास असणे किंवा कशातही रस न उरणे, यांपैकी किमान एक लक्षण आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता, थकवा, अपराधीपणा यांसंबंधीची लक्षणे मिळून किमान पाच लक्षणे जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे टिकली, तर डॉक्टर त्या अवस्थेचा आजार म्हणून विचार करतात. यातील ‘रस न उरणे’ याला १८९६ मध्ये तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने ‘ॲन्हेडोनिया’ असे नाव दिले. त्याचा शब्दशः अर्थ ‘सुखाचा अभाव’. नावाबरोबर असा समजही रुजला की या रुग्णांना सुख जाणवतच नाही. काहींच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु नैराश्याच्या रुग्णांना साखरेचे पाणी चाखायला देऊन केलेल्या अनेक चाचण्यांत त्यांनी त्या गोडीला निरोगी माणसांइतकीच पसंती दिलेली आढळली आहे.

मग हरवते ते काय, याचा धागा उंदरांच्या चेहऱ्यावर सापडला. उंदराच्या जिभेवर गोड थेंब पडला की तो ओठ चाटतो आणि कडू थेंब पडला की तोंड वासतो. तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावरही अशाच प्रतिक्रिया उमटतात, त्यामुळे चव आवडली की नाही हे न विचारताही कळते. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशा उंदरांच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले, ज्यांच्या मेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन जवळजवळ पूर्णपणे नष्ट केलेले होते. हे उंदीर समोर अन्न असूनही स्वतःहून खात नसत, त्यांना नळीने भरवावे लागे. डोपामिन हे त्या काळी ‘सुखाचे रसायन’ समजले जात असल्याने या उंदरांना गोडी जाणवणार नाही अशी अपेक्षा होती, पण त्यांनी नेहमीसारखेच ओठ चाटले. गोडी शाबूत होती. गोडीकडे जाण्याची प्रेरणा तेवढी नाहीशी झाली होती. बेरिज यांनी वेगळ्या केलेल्या या दोन गोष्टींना मराठीत ‘आवड’ आणि ‘ओढ’ हे शब्द चपखल बसतात.

माणसांतील ओढ मोजण्यासाठी मायकेल ट्रेडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक साधा खेळ रचला. सोपा पर्याय म्हणजे नेहमीच्या हाताच्या तर्जनीने ७ सेकंदांत ३० वेळा कळ दाबणे. अवघड पर्याय म्हणजे दुसऱ्या हाताच्या करंगळीने २१ सेकंदांत १०० वेळा कळ दाबणे, आणि त्याचे बक्षीस अधिक. नैराश्याचे रुग्ण अवघड पर्याय निरोगी माणसांपेक्षा कमी वेळा निवडतात, असे पुढील अभ्यासात दिसले. मिळणाऱ्या फळासाठी कष्ट घेणे परवडेल की नाही, याचा मेंदूतील हिशेबच बदललेला असतो.

हा हिशेब मेंदू कसा दुरुस्त करतो, हे मला या विषयातील सर्वांत सुंदर प्रकरण वाटते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतील, डोपामिन सोडणाऱ्या पेशींच्या हालचालींची नोंद घेतली. फळाच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की या पेशी उद्दीपित होत. आधी दिसणाऱ्या खुणेवरून रस येणार हे माकडाला कळू लागले की या पेशी त्या खुणेला प्रतिसाद देत आणि रसाकडे दुर्लक्ष करत. खूण दिसूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी थंडावत. म्हणजे या पेशी बक्षीस मोजत नाहीत, तर अपेक्षा आणि अनुभव यांतील फरक मोजतात. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी १९९७ मध्ये याची गणिती मांडणी केली. समजा, फिरायला जाण्याकडून १० पैकी २ गुणांच्या सुखाची अपेक्षा आहे आणि प्रत्यक्षात ५ गुणांचे सुख मिळाले. फरक ३ आला. मेंदू या फरकाचा काही अंशच जुन्या अपेक्षेत मिळवतो. तो अंश एकदशांश धरला, तर नवी अपेक्षा २.३ होते. दहा वेळा तसेच फिरून आल्यावर ती चाराच्या जवळ पोहोचते. घरातून बाहेर न पडल्यास मात्र फरक निर्माणच होत नाही आणि अपेक्षा दोनवरच अडून राहते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, आणि नैराश्याची सगळी गुंतागुंत या एका सूत्रात मावत नाही. परंतु इच्छा होण्याची वाट पाहत बसल्याने इच्छा का परत येत नाही, याचे इतके स्पष्ट चित्र मला अन्यत्र आढळलेले नाही.

याच पेशींच्या नावाने सध्या ‘डोपामिन डिटॉक्स’चा बाजार मांडला जात आहे. डोपामिन हे साचलेले विष नव्हे. चार दिवस फोन बंद ठेवल्याने ते ‘शुद्ध’ होत नाही. फोन कमी वापरणे हितकारक असेलही, पण आजारी माणसाला असली खोटी कारणे पुरवणे आणि त्याच्या दुःखाचे खापर ग्रहांवर फोडणे या दोहोंत मला फरक दिसत नाही.

कृती आधी आणि इच्छा मागाहून, या क्रमावर आधारलेल्या उपचाराला ‘बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन’ म्हणतात. त्याची मुळे पीटर लेविनसन यांच्या १९७० च्या दशकातील कामात आहेत. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, थोडक्या प्रशिक्षणानंतर हा उपचार देणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांना मिळालेले परिणाम प्रशिक्षित मानसोपचारकांनी दिलेल्या विचार-वर्तन उपचारापेक्षा उणे ठरले नाहीत. औषधांची जागा मात्र यामुळे जात नाही. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नयेत, आणि जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील तर कोणताही घरगुती प्रयोग न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व जवळच्या माणसाला ते स्पष्ट सांगावे.

दैनंदिन व्यवहारात याचे रूप अगदी लहान असते. ‘व्यायाम करीन’ असे न ठरवता ‘सकाळी आठ वाजता बूट घालून दहा मिनिटे चालेन’ असे ठरवावे. त्यात उठण्याची वेळ आणि सकाळचा उजेड हे दोन्ही आपोआप साधतात, आणि त्यांचा झोपेला उपयोग होतो. निघण्यापूर्वी वहीत किती बरे वाटेल याचा अंदाज शून्य ते दहा या मापात लिहावा, परतल्यावर प्रत्यक्ष आकडा लिहावा. नंतर आठवून लिहिलेला आकडा उपयोगाचा नाही, कारण नैराश्यात स्मरणशक्ती सुखद क्षण सहजी हाती देत नाही. काही दिवशी दोन्ही आकडे शून्यच येतील. अशा वेळी काम सोडून न देता निम्मे करावे, म्हणजे दहा मिनिटांऐवजी पाच. आणि तेही जड वाटले, तर बूट घालून दारापर्यंत जाऊन परत यावे आणि तेवढ्याचीच नोंद करावी.