खुणांनी मूल मुकं होत नाही

डाउन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असणं) असलेलं मूल अडीच-तीन वर्षांचं होतं. सांगितलेलं बरंच कळतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणते, हाताच्या खुणा सुरू करू. आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "खुणांची सवय लागली की हा बोलायचाच नाही." भीती मायेपोटीची असली तरी तिला आधार नाही.

मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी 2006 साली या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. खुणा किंवा चित्रं वापरायला शिकवलेल्यांपैकी ज्या 27 जणांच्या नोंदी भरवशाच्या होत्या, त्यांत एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. 89 टक्के जणांचं वाढलं होतं, बाकीच्यांचं होतं तेवढंच राहिलं. वाढ बहुतेकांची बेताचीच होती, हेही सांगायला हवं.

बोलणं ही फार नाजूक कसरत आहे. श्वास, स्वरयंत्र, जीभ, टाळू, ओठ यांचा मेळ क्षणाच्या आत बसावा लागतो. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, जिभेच्या मानाने तोंडातली जागा कमी पडते. शिवाय मधल्या कानात पाणी साठून ऐकू कमी येणं या मुलांत नेहमीचं. (म्हणून खुणांच्या आधी कानाची तपासणी.) मात्र पाहिलेलं लक्षात ठेवण्यात ही मुलं ऐकलेल्यापेक्षा सरस असतात. उच्चारलेला शब्द हवेत विरतो. खूण थोडा वेळ तशीच धरून ठेवता येते. मुलाची जीभ धरून तिला वळण लावता येत नाही, हाताला मात्र लावता येतं.

शिकवण्याची जागा म्हणजे जेवणाचं ताट. वाटीत केळ्याचे दोनच काप द्यायचे. ते संपले की मूल वाटी आपटतं, रडतं. नेमक्या त्याच क्षणी "अजून? अजून हवं?" असं तोंडाने म्हणत दोन्ही हातांची बोटं अंगठ्यांशी जुळवून टोकाला टोक टेकवायचं. ही अमेरिकेतल्या सांकेतिक भाषेतली खूण. थेरपिस्टने दुसरी सांगितली असेल तर ती. मग त्याचे हात धरून त्याच्याकडून करून घ्यायची, आणि लगेच काप द्यायचा. सुरुवातीला ते नुसत्या टाळ्या वाजवेल. चालेल. खुणाही बोबड्या असतात. पेटिटो आणि मॅरेंटेट यांनी 1991 मध्ये दाखवून दिलं की सांकेतिक भाषा बोलणाऱ्या घरातली कर्णबधिर तान्ही बाळं हातांनी बडबडतात, आपली बाळं 'बाबाबा' करतात तशीच.

बोलणं सोडायचं नाही, हा यातला मुख्य नियम. पूर्ण वाक्य तोंडाने आणि त्यातल्या महत्त्वाच्या शब्दालाच खूण. ब्रिटनमध्ये मार्गारेट वॉकर यांनी 1970 च्या दशकात मांडलेली 'मकाटन' पद्धत याच तत्त्वावर चालते. शब्द जमू लागले की बहुतेक मुलं खुणा आपणहून सोडत जातात.

कर्णबधिर मुलाची गोष्ट निराळी. त्याला सुट्या खुणा पुरत नाहीत, अख्खी भाषा लागते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, 'काय', 'कुठे' हे प्रश्नशब्द तिथे वाक्याच्या शेवटी येतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने 2018 मध्ये तिचा 3,000 शब्दांचा कोश काढला, 2021 पर्यंत तो 10,000 वर गेला. खुणा निवडायच्याच तर परदेशी व्हिडिओंपेक्षा तिथून घ्याव्यात असं माझं मत. पुढे शाळेत, इतर मुलांत त्याच कामी येतील.

खुणांची एक अडचण उरतेच: समोरच्याला त्या माहीत हव्यात. आई-बाबा शिकले आणि आजी, बालवाडीच्या ताई राहिल्या तर मूल दिवसभर पुन्हा गप्पच. ज्यांना बोटं वळवणं किंवा नक्कल करणं जड जातं, अशा काही स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना चित्रांची कार्डं जास्त मानवतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप त्याच जातीचं: चित्रावर बोट ठेवलं की फोन तो शब्द बोलून दाखवतो.