ऑक्सिनायट्राइड: पांढऱ्या भुकटीला रंग कसा चढला

१९७२ साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी दाखवून दिलं, की टायटॅनियम डायऑक्साइडच्या मदतीनं प्रकाश पाण्याचं विघटन करू शकतो, म्हणजे पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करू शकतो. अडचण एकच, पण मोठी. हा पांढरा पदार्थ जवळपास फक्त अतिनील किरण शोषतो आणि उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के. सोलापुरात वैशाखात पारा ४० च्या वर जातो. तरी त्या रणरणत्या उन्हातला बहुतेक प्रकाश वायाच जातो.

उपाय नायट्रोजनमध्ये सापडला. काही ऑक्सिजन अणूंच्या जागी तो बसवला, की पदार्थातल्या ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, घटतं आणि दृश्य प्रकाशही चालतो. ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोन्ही असलेली अशी संयुगं म्हणजे ऑक्सिनायट्राइड. ती तोवर नवी नव्हती. सायलॉन हे टणक सिरॅमिक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. चिपवाल्यांनी ट्रान्झिस्टरच्या गेटखालच्या (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागाखालच्या) पातळ सिलिकॉन ऑक्साइडमध्ये नायट्रोजन घातला, तो गेटमधल्या बोरॉनची घुसखोरी आणि विजेची गळती रोखायला. मला मात्र २००० सालचा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. यान्सेन आणि लेचर्ट यांनी कॅल्शियम, लँथॅनम आणि टँटलमच्या ऑक्सिनायट्राइडांपासून पिवळी ते तांबडी रंगद्रव्यं बनवली, तीही विषारी कॅडमियमशिवाय. रंग दिसतो, म्हणजे दृश्य प्रकाश शोषला जातोय.

लगोलग जपानमध्ये रसायनशास्त्रज्ञ डोमेन यांच्या गटानं याच जातीच्या पदार्थांना पाण्याच्या विघटनाला जुंपलं. कृती बघण्यासारखी आहे. टँटलम ऑक्साइडची पांढरीशुभ्र भुकटी नळीच्या भट्टीत ठेवायची, वरून अमोनिया वायू सोडायचा आणि सुमारे ८५० अंशांवर कित्येक तास तापवायचं. किंचित ओलसर अमोनियात भुकटी पिवळी निघते, ते टँटलम ऑक्सिनायट्राइड. कोरड्या अमोनियात सगळा ऑक्सिजन हटला, की तांबडं नायट्राइड हाती येतं.

दुखणं पुढे कळलं. प्रकाशात पदार्थ स्वतःचाच नायट्रोजन गमावतो. कोबाल्ट ऑक्साइडचा लेप देऊन ते बरंच आवरता येतं.

चादर-टॉवेलच्या रंगाईचं पाणी शुद्ध करायला हे पदार्थ वापरावेत, ही कल्पना सोलापुरात सुचणं साहजिक आहे. पण प्रयोगशाळेत मिथिलीन ब्ल्यू या चाचणीच्या निळ्या रंगाचा रंग उडाला, एवढ्यावर भुलू नये. हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, त्यामुळे उत्प्रेरकाचं (म्हणजे आपल्या ऑक्सिनायट्राइडचं) काम किती आणि रंगाचं स्वतःचं किती, हे कळत नाही. पाणी नितळ दिसलं तरी रेणूंचे तुकडे त्यात उरतात. म्हणून पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजायचा आणि उत्प्रेरकाविना तोच प्रयोग उन्हात ठेवून फरक बघायचा.